आरए आल्यावरचे पाच सेकंद

टाइप रेटिंगचं, म्हणजे एका ठरावीक जातीचं विमान उडवायच्या ट्रेनिंगचं, सातवं की आठवं सिम्युलेटर सेशन होतं. पहाटे तीनचा स्लॉट. क्रूझमध्ये सगळं शांत होतं आणि एकदम कॉकपिटमध्ये टीकॅसचा, म्हणजे विमानांची टक्कर टाळणाऱ्या यंत्राचा, आवाज आला, "ट्रॅफिक, ट्रॅफिक." डिस्प्लेवर पिवळा गोल, आमच्याकडे सरकणारा. दहा-बारा सेकंदांत त्याचा लाल चौकोन झाला आणि शब्द बदलले, "क्लाइम्ब, क्लाइम्ब." मी ऑटोपायलट काढला, स्टिक मागे घेणार तोच हेडसेटमध्ये एटीसीचा, म्हणजे जमिनीवरून हवाई वाहतूक सांभाळणारा, कंट्रोलर घाईघाईने म्हणाला, "डिसेंड इमिजिएटली, फ्लाइट लेव्हल थ्री फाइव्ह झिरो," म्हणजे खाली ये, ३५,००० फुटांवर. मी नाक खाली घातलं.

सरांनी सिम फ्रीझ केला. कंट्रोलरचा आवाजही त्यांचाच होता, मागच्या खुर्चीतून.

"खाली का गेलास?"

"सर, एटीसीने सांगितलं."

"टीकॅस काय म्हणत होतं?"

"वर."

"मग समोरच्या विमानाचं टीकॅस त्याला आत्ता काय सांगत असेल?"

मी गप्प बसलो. उत्तर मला येत होतं. थिअरीच्या पेपरात मी ते बरोबर लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. माझ्या टीकॅसने मला वर पाठवलं असेल तर त्याच्याने त्याला खाली पाठवलेलं असणार. म्हणजे मी त्याच्याच वाटेवर उतरत होतो.

तुमचं सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, झालं असेल, टाइप रेटिंग समोर असेल किंवा लाइनवर, म्हणजे एअरलाइनच्या उड्डाणांवर, पहिलंच वर्ष असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. टीकॅसवरचे प्रश्न परीक्षेत सोपे जातात. आरए, म्हणजे टीकॅसचा वर किंवा खाली जाण्याचा हुकूम, आल्यावर एटीसीचं ऐकायचं की टीकॅसचं, हे इंटरव्ह्यूमध्ये विचारलं तर झोपेतही सांगता येतं. पण ज्या आवाजाचं ऐकायला आपण दीडशे-दोनशे तासांच्या ट्रेनिंगमध्ये शिकलेलो असतो, त्याच आवाजाला पाच सेकंदांत बाजूला ठेवायचं असतं. ते हाताला शिकवावं लागतं.

आधी यंत्राबद्दल थोडं, कारण ते काय जाणतं आणि काय जाणत नाही हे कळलं की त्याच्यावर विश्वास ठेवणं सोपं जातं. टीकॅस साधारण दर सेकंदाला आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरना, म्हणजे रेडिओवरून आपोआप उत्तर देणाऱ्या उपकरणांना, विचारणा करतं. उत्तर यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं, उत्तरातच उंची असते. मग ते अंतराला जवळ येण्याच्या वेगाने भागतं आणि किती सेकंद उरलेत ते काढतं. याला टाउ म्हणतात. कल्पना १९५०च्या दशकातली, बेंडिक्स कंपनीतल्या जॉन मोरेल यांची. समोरचं विमान किती मैलांवर आहे यापेक्षा ते किती सेकंदांवर आहे याला महत्त्व देणारी. टीए, म्हणजे नुसती सूचना, उंचीनुसार २० ते ४८ सेकंद आधी येते. आरए, म्हणजे हुकूम, १५ ते ३५ सेकंद आधी. जितके वर जाल तितका जास्त वेळ मिळतो.

दोन्ही विमानांत टीकॅस असेल तर आरए देण्याआधी दोन्ही यंत्रं एकमेकांशी बोलतात. एकाने वर म्हटलं की दुसऱ्याने खाली. हे एवढं एक वाक्य पाठ न करता समजून घ्या. कंट्रोलरने दिलेली सूचना या दोन यंत्रांच्या करारात बसलेली नसते. त्याचा रडार काही सेकंदांनी एकदा फिरतो, त्याला तुमचा आरए काय आहे ते तुम्ही सांगितल्याशिवाय सहसा कळत नाही. तो चुकतो असं मला म्हणायचं नाही. त्याच्याकडे त्या क्षणी जी माहिती असते ती जुनी असते, इतकंच.

आणि टीकॅस कधीच डावी-उजवीकडे वळायला सांगत नाही. समोरचं विमान कोणत्या दिशेला आहे याचा त्याचा अंदाज ढोबळ असतो, उंचीची माहिती मात्र नेमकी. डिस्प्लेवर ठिपका उजवीकडे दिसला म्हणून डावीकडे वळू नका. टीए आल्यावर तर विमान अजिबात हलवायचं नाही. बाहेर बघायचं, स्टिकवर हात ठेवायचा, कोण उडवतंय ते बोलून पक्कं करायचं.

बाहेर बघण्याबद्दलही सांगतो, कारण फ्लाइंग क्लबमध्ये आपल्याला "सी अँड अव्हॉइड" शिकवलेलं असतं आणि ते डोक्यातून जात नाही. समोरासमोर येणाऱ्या दोन जेट विमानांचा एकत्रित वेग ९०० नॉटच्या पुढे जातो. सेकंदाला साधारण साडेचारशे मीटर. आणि जे विमान खरोखर येऊन धडकणार असतं, ते काचेवर हलत नाही. एकाच जागी टिंबासारखं चिकटून राहतं आणि शेवटच्या काही सेकंदांत भसकन मोठं होतं. जे हलतंय ते डोळ्याला दिसतं, पण ते बाजूने निघून जाणारं असतं. रात्री तर दिव्यावरून उंचीचा अंदाज हमखास चुकतो. शिवाय जे विमान तुम्हाला दिसलं तेच टीकॅसला अभिप्रेत असेल याची खात्री नाही. विमान दिसलं म्हणून आरए सोडून द्यायचा नाही.

त्या सेशननंतर सरांनी आम्हाला ब्रीफिंग रूममध्ये बसवलं आणि बोर्डावर दोन रेषा काढल्या. १ जुलै २००२ची रात्र, जर्मनीतलं युबरलिंगेन. बश्किरियन एअरलाइन्सचं टुपोलेव्ह-१५४ आणि डीएचएलचं मालवाहू बोइंग ७५७, दोन्ही ३६,००० फुटांवर, एकमेकांच्या वाटा काटकोनात छेदणाऱ्या. झुरिकच्या केंद्रात एकच कंट्रोलर दोन जागा सांभाळत होता. टेलिफोन यंत्रणेची दुरुस्ती चालू होती, रडारची धोक्याची दृश्य सूचनाही त्या वेळी मिळत नव्हती. त्याला चूक लक्षात आली तेव्हा पाऊण मिनिट उरलं होतं. त्याने टुपोलेव्हला खाली जायला सांगितलं. काही सेकंदांतच टुपोलेव्हचं टीकॅस म्हणालं, "क्लाइम्ब." त्याच वेळी बोइंगचं टीकॅस म्हणालं, "डिसेंड." बोइंगने यंत्राचं ऐकलं, टुपोलेव्हने कंट्रोलरचं. दोघंही खाली निघाले. कंट्रोलरने दुसरं विमान घड्याळाच्या दोनच्या दिशेला आहे असं सांगितलं, ते प्रत्यक्षात दहाच्या दिशेला होतं. वैमानिक चुकीच्या बाजूला शोधत राहिले. ७१ माणसं गेली. टुपोलेव्हमधले बहुतेक प्रवासी सुट्टीला निघालेली शाळकरी मुलं होती.

सर इथे थांबले आणि म्हणाले, "त्या कॉकपिटमध्ये को-पायलटने सांगितलं होतं की हे वर जायला सांगतंय." हे मला सगळ्यात जास्त लागलं. माहिती कॉकपिटमध्ये होती, बोलूनही दाखवली होती. त्या काळी कोणाचं ऐकायचं यावर नियमपुस्तकांत एकवाक्यताही नव्हती.

त्याआधी दीड वर्ष, ३१ जानेवारी २००१ला, जपानमध्ये हेच घडता घडता राहिलं होतं. जपान एअरलाइन्सचीच दोन विमानं, फ्लाइट ९०७ आणि ९५८. प्रशिक्षणात असलेल्या कंट्रोलरने नंबरात गल्लत केली आणि चुकीच्या विमानाला खाली बोलावलं. ९०७चं टीकॅस वर म्हणत होतं, कॅप्टन एटीसीप्रमाणे खाली जात राहिला, आणि शेवटी समोर विमान पाहून त्याने बोइंग ७४७ जोरात खाली दाबलं. दोन्ही विमानांत मिळून पावणेसातशेच्या आसपास माणसं होती. सगळी वाचली, पण ९०७मधले शंभरच्या घरात लोक छताला आणि खुर्च्यांना आदळून जखमी झाले.

युबरलिंगेननंतर नियम स्वच्छ झाला. आरए आला की आरएप्रमाणेच उडवायचं, एटीसी उलट सांगत असलं तरी. आरएच्या उलट दिशेने कधीच नाही. तुम्ही "टीकॅस आरए" म्हटलंत की कंट्रोलरने तुमची उंची बदलण्याचा प्रयत्न करायचा नाही. त्याने आधीच काही सांगितलं असेल तर "अनेबल, टीकॅस आरए" म्हणायचं, म्हणजे तसं करता येणार नाही. आणि आवाज "क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट" म्हणाला की मूळ क्लिअरन्सवर, म्हणजे एटीसीने आधी ठरवून दिलेल्या उंचीवर, परत येतोय असं कळवायचं. एवढी तीनच वाक्यं आहेत. ती मोठ्याने म्हणून पाठ करा. मनात म्हटलेलं वाक्य ऐन वेळी तोंडातून बाहेर पडत नाही, हे मी स्वतःवर पाहिलं आहे.

आता हाताकडे येऊ. पहिल्या आरएला पाच सेकंदांत प्रतिसाद अपेक्षित असतो, आणि तो सौम्य असतो: पाव जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या चौथ्या हिश्श्याएवढा झटका, आणि मिनिटाला १५०० फूट. क्रूझच्या वेगाला हे म्हणजे नाक जेमतेम दोन अंश वर किंवा खाली. दोनच अंश! आमच्या बॅचमधल्या जवळजवळ प्रत्येकाने पहिल्या वेळी पाच-सहा अंश ओढले. भीतीने हात जड होतो. मागे गॅलीत केबिन क्रू गरम पाण्याचं भांडं घेऊन उभे असतात, कोणी टॉयलेटमध्ये असतं, कोणाच्या मांडीवर मूल असतं. जरुरीपेक्षा जास्त उंची बदलली तर वरच्या किंवा खालच्या तिसऱ्या विमानाच्या जागेत घुसण्याचाही धोका. म्हणून इन्स्ट्रुमेंटवरचा लाल पट्टा आणि हिरवा पट्टा बघायचा: सुई लालमधून बाहेर, हिरव्यात, आणि तिथेच. यंत्राने पुढे "इन्क्रीज क्लाइम्ब" किंवा दिशा उलटवून "डिसेंड, डिसेंड नाऊ" म्हटलं तर अडीच सेकंदच असतात, आणि तेव्हा हात जास्त जोराने चालवायचा.

ऑटोपायलट काढणं, फ्लाइट डायरेक्टर बंद करणं, थ्रस्टचं काय करायचं, हा क्रम विमानागणिक वेगळा. काही नव्या एअरबसमध्ये ऑटोपायलट स्वतःच आरए उडवतो. २००९मध्ये ए३८०ला पहिल्यांदा ही सोय मिळाली. तुमच्या मॅन्युअलमधलेच शब्द धरा, सीनिअरने दुसऱ्या विमानावर शिकलेले नकोत.

एक चूक मी इतरांना करताना पाहिली आहे आणि ती वरवर क्षुल्लक वाटते. "क्लाइम्ब" आला, नाक वर घेतलं, थोड्या वेळाने पुरेसं अंतर पडलं आणि आवाज म्हणाला, "लेव्हल ऑफ, लेव्हल ऑफ." इथे बरेच जण चढतच राहतात, कारण डोक्यात अजून "वर" घुमत असतं. लेव्हल ऑफ म्हणजे सरळ आडवं व्हायचं, व्हर्टिकल स्पीड शून्य. पूर्वी याच जागी "अॅडजस्ट व्हर्टिकल स्पीड, अॅडजस्ट" असे शब्द होते. काही वैमानिक ते ऐकून चढण्या-उतरण्याचा रेट कमी करण्याऐवजी वाढवायचे. म्हणून टीकॅसच्या ७.१ आवृत्तीत शब्दच बदलले. माणूस घाबरला की त्याला कोणते शब्द चुकीचे ऐकू येतात, हे कोणीतरी इतक्या काळजीने तपासलं, याचं मला फार मोल वाटतं.

सिमच्या आदल्या दिवशी मी अजूनही खुर्चीत बसून सराव करतो. डोळे मिटून आवाज स्वतःच्या तोंडाने काढायचा, हात हलवायचा, कॉल म्हणायचा. कोणी मित्र असेल तर त्याला मध्येच खोटा कंट्रोलर व्हायला सांगा आणि उलट सूचना द्यायला लावा. पहिल्या काही वेळा हात थबकतो. वीसेक वेळा झाल्यावर थबकत नाही.

माझा पहिला खरा आरए लाइनवर आल्यावर दुसऱ्या वर्षी आला. सेक्टर माझा होता, म्हणजे विमान मी उडवत होतो, डावीकडे कॅप्टन मॅडम. आम्ही फ्लाइट लेव्हल ३४०ला चढत होतो, मिनिटाला २४०० फूट. फ्लाइट लेव्हल ३५०वर एक विमान आमची वाट आडवी ओलांडणार होतं. कंट्रोलरने ते सांगितलं होतं, डिस्प्लेवर दिसतही होतं. त्याची उंची पक्की होती, आमचा क्लिअरन्स पक्का होता, मध्ये हजार फुटांचं अंतर राहणार होतं. कोणाचीही चूक नव्हती.

ठिपक्यापुढे अधिक एकोणीस, म्हणजे तो आमच्या १९०० फूट वर, तेव्हा "ट्रॅफिक, ट्रॅफिक" आलं. मी म्हणालो, "टीकॅस, आय हॅव कंट्रोल." तोंड एकदम कोरडं पडलं. अधिक चौदाला ठिपका लाल झाला. "लेव्हल ऑफ, लेव्हल ऑफ." ऑटोपायलटने उंची पकडायला नुकती सुरुवात केलीच होती, तरी मी तो काढला, नाक हलकेच खाली घेतलं. व्हर्टिकल स्पीडची सुई दोन हजारावरून दीड हजारावर, हजारावर, आणि मग हिरव्या पट्ट्यात शून्यापाशी. मॅडमनी "टीकॅस आरए" कळवलं, कंट्रोलर "रॉजर" म्हणाला आणि गप्प झाला. त्याचं ते गप्प राहणं मला आजही आठवतं. बाहेर ते विमान उजवीकडून डावीकडे गेलं, पोटाखालचा लाल दिवा लुकलुकत होता. "क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट." आम्ही ३४०पेक्षा दोनेकशे फूट खाली थांबलो होतो, तेवढे चढलो.

उंची राखली गेल्यावर मॅडमनी विचारलं, "का आला कळलं?" कळलं होतं. तुमची क्लिअर केलेली उंची टीकॅसला माहीत नसते. मिनिटाला २४०० फुटांनी चढणारं विमान ३४०ला थांबणार आहे हे तुम्हाला आणि कंट्रोलरला ठाऊक. यंत्राला फक्त हिशेब दिसतो, की हे असंच चढत राहिलं तर पस्तीस सेकंदांत धडक. म्हणून नेमून दिलेल्या उंचीच्या शेवटच्या हजार फुटांत रेट १५००च्या आत आणा, विशेषतः वर किंवा खाली कोणी असेल तेव्हा. मला हे वाचून माहीत होतं. तेव्हापासून मी ते प्रत्येक चढाईत करतो.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. जमिनीजवळ टीकॅस स्वतःहून मागे सरतं: साधारण ११०० फुटांखाली "डिसेंड" देत नाही, हजारच्या आसपास सगळेच आरए बंद होतात. स्टॉल (पंखांची उचल सुटणं), विंडशिअर (वाऱ्यातला अचानक बदल) आणि जमीन जवळ आल्याचा इशारा हे टीकॅसच्या वर आहेत. आरए पाळताना स्टॉलची सूचना आली तर आधी स्टॉल. आणि ट्रान्सपॉन्डर. २९ सप्टेंबर २००६ला ब्राझीलमध्ये अॅमेझॉनच्या जंगलावर ३७,००० फुटांवर गोल एअरलाइन्सचं बोइंग ७३७ आणि एक एम्ब्रेअर लेगसी धडकले. लेगसीचा ट्रान्सपॉन्डर चालू नव्हता. त्यामुळे लेगसीचं टीकॅस निकामी होतं आणि बोइंगच्या टीकॅसला समोर कोणी आहे हेच कळलं नाही. बोइंगमधली सर्व १५४ माणसं गेली. रनवेवर लागण्याआधी ट्रान्सपॉन्डरचा स्विच टीए/आरएवर आहे का, हे मी चेकलिस्टच्या पलीकडे जाऊन बोट लावून बघतो.

उतरल्यावर रिपोर्ट भरावा लागतो. माझ्या पहिल्या आरएनंतर मला भीती वाटत होती की रिपोर्ट म्हणजे चौकशी, चौकशी म्हणजे डाग. मॅडमनी फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि रेट २४०० होता हे स्पष्ट लिहायला सांगितलं. आठवड्याभराने सेफ्टी विभागाकडून डेटाची प्रत आली. आरएपासून नाक हलायला तीन सेकंद लागले होते, आणि जास्तीत जास्त झटका पाव जीच्या आत होता. सोबत एवढंच विचारलं होतं, की त्या मार्गावर चढताना रेट आधी कमी करण्याची सूचना ब्रीफिंगमध्ये घालावी का. मी "हो" लिहून पाठवलं.